मंदी : त्यांची आणि आपली



'मंदी' हा शब्द गडचांदुरात रोज कानावर पडतो. पण सगळे तो एकाच अर्थाने वापरत नाहीत. कापडाच्या दुकानदाराकडे पोळ्याच्या आधी गिऱ्हाईक फिरकले नाही की तो मंदी म्हणतो. ट्रकमालकाची गाडी भाड्यावाचून चार दिवस उभी राहिली की तो मंदी म्हणतो. कापूस विकून आलेला शेतकरी भाव पडला म्हणून मंदी म्हणतो. आणि कारखान्यात वाटाघाटीच्या टेबलावर व्यवस्थापक 'सध्या मंदी आहे' असे म्हणतात, तेव्हा त्याचा अर्थ 'पगारवाढ मागू नका आणि ठेकेदारीतले काही हात कमी होतील', असा असतो. चौघांचा शब्द एक, पण या चौथ्याच्या शब्दाने माणसांची कामे जातात. म्हणून हा शब्द एकदा नीट तपासून घेणे अगत्याचे आहे.

मी अर्थशास्त्राचा पदवीधर नव्हे. समोरच्याने मांडलेला आकडा आपल्याला कळला पाहिजे, एवढ्या गरजेपोटी वाचनालयाची पायरी चढलो आणि हळूहळू वाचीत गेलो. त्या वाचनातून एक गोष्ट मला स्पष्ट दिसली. मंदी ही तापासारखी आहे. ताप हिवतापाचा असतो तसा विषमज्वराचाही असतो. अंग दोन्हीत तापते, पण औषध निराळे लागते. अमेरिकेची मंदी आणि भारताची मंदी शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे हे चांगले समजते.

मंदी कशाला म्हणावे?

प्रथम एक गैरसमज दूर करू. पावसाळ्यात बांधकामे थांबतात, सिमेंटचा उठाव कमी होतो आणि भट्टीची वार्षिक दुरुस्तीही बहुधा त्याच दिवसांत काढली जाते. ही मंदी नव्हे, हा हंगाम आहे. दर वर्षी येणारी आणि आधीच ठाऊक असलेली ओसर कोणी मंदी म्हणून पुढे करीत असेल, तर ते मान्य करण्याचे कारण नाही.

खरी मंदी म्हणजे सबंध देशाचे उत्पादन, उत्पन्न, रोजगार आणि विक्री ही एकदम आणि बरेच महिने खाली जाणे. अमेरिकेत मंदी कोणत्या महिन्यात सुरू झाली व कोणत्या महिन्यात संपली, हे नॅशनल ब्युरो ऑफ इकॉनॉमिक रिसर्च ही १९२० साली स्थापन झालेली खाजगी संस्था ठरविते आणि ते सर्वत्र मानले जाते. आपल्याकडे असा निवाडा देणारी संस्था नाही. राष्ट्रीय उत्पन्नाचे तिमाही आकडेसुद्धा १९९९ पासूनच प्रसिद्ध होऊ लागले. म्हणून आपल्याला वर्षाच्या आकड्यांवरून हिशेब करावा लागतो.

तो हिशेब असा : १९४८ ते २०२० या काळात अमेरिकेत बारा वेळा मंदी आली. भारतात मात्र १९५० नंतर राष्ट्रीय उत्पन्न प्रत्यक्ष घटले, अशी वर्षे पाचच : १९५७-५८, १९६५-६६, १९७२-७३, १९७९-८० आणि २०२०-२१.

म्हणजे आपण अमेरिकेपेक्षा भाग्यवान ठरलो काय? तसे नाही. ज्या काळात लोकसंख्या वर्षाला दोन टक्क्यांनी वाढत होती, त्या काळात उत्पन्न एक टक्क्याने वाढले, तरी माणशी वाटा घटतच होता. कागदावर मंदी नाही आणि चुलीवर मात्र आहे, अशी कित्येक वर्षे आपण पाहिली. तेव्हा किती वेळा आली यापेक्षा कशाने आली, हा प्रश्न महत्त्वाचा.

तिकडची लढाई, इकडची तेजी

हे दोन देश कापसाच्या धाग्याने फार पूर्वी बांधले गेले. १८६१ साली अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण प्रांतांत यादवी युद्ध पेटले. इंग्लंडातील लँकेशायरच्या गिरण्या बहुतांशी अमेरिकेच्या दक्षिण प्रांतांतील कापसावर चालत. उत्तरेच्या आरमाराने बंदरे अडविली आणि तो कापूस बंद झाला. लँकेशायरचे कामगार उपाशी पडले, आणि मुंबईच्या बाजारात हिंदी कापसाला सोन्याचे मोल आले. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात होताच. तिथल्या काळ्या जमिनीत कापसाचा पेरा वाढला. आपला राजुऱ्याकडचा भाग त्या वेळी निजामाच्या मुलखात होता.

मुंबईत पैशाचा पूर आला. तो ठेवायला जागा पुरेना, म्हणून नव्या बँका निघाल्या, समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या, आणि त्यांचे शेअर मूळ किमतीच्या अनेक पट भावाने विकले जाऊ लागले. प्रेमचंद रायचंद हे या सट्ट्याचे राजे. पुढे ९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेचा सेनापती ली याने शरणागती पत्करली. ती बातमी मुंबईला पोहोचली आणि कापसाचा भाव कोसळला. १ जुलै १८६५ ही वायद्याचे सौदे पुरे करण्याची तारीख होती. त्या दिवशी देणेकरी पुष्कळ आणि देणारा कोणी नाही, अशी अवस्था झाली. सरकारचा पाठिंबा असलेली बँक ऑफ बॉम्बेदेखील या घसरणीत बुडाली आणि १८६८ साली नवी बँक उभी करावी लागली.

सट्टेवाल्यांचे जे झाले ते झाले. शेतकऱ्याची गोष्ट याहून लांबली. तेजीत सावकाराने हात सैल सोडला होता. शेतकऱ्याने कर्ज काढले होते. भाव उतरले, सारा मात्र चढलेलाच राहिला आणि कर्ज फिटेना. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या आणि ते लोण पुणे-नगर जिल्ह्यांत पसरले. त्या उठावामागे कापसाचा भाव हे एकमेव कारण नव्हते. पण तेजीच्या काळातले कर्ज हे एक मोठे कारण होते. १८७९ साली सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा करावा लागला.

यातून दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. परक्या देशातील मागणीवर उभी राहिलेली तेजी परक्या देशातील बातमीने संपते, ही एक. आणि मंदीचा खरा घाव भाव पडल्याने जेवढा बसतो, त्यापेक्षा भाव चढलेले असताना काढलेल्या कर्जाने अधिक खोल जातो, ही दुसरी.

अमेरिकेची मंदी कशातून जन्मते?

अमेरिकेच्या मंदीचे मूळ बहुधा पेढीत, म्हणजे उधारीच्या व्यवहारात सापडते. चांगला काळ आला की कारखानदार नवी यंत्रे घेतो, बँक कर्ज देते, घरे व शेअर यांच्या किमती चढतात. चढत्या किमती तारण ठेवून आणखी कर्ज निघते. एक दिवस कोणाला तरी परतफेड जमत नाही. मग बँका हात आखडतात, कारखानदार नवी खरेदी थांबवितो, यंत्रे बनविणाऱ्याचा कामगार घरी बसतो, त्याचा वाणी अडचणीत येतो. एकाचा खर्च हीच दुसऱ्याची कमाई असल्याने ही साखळी कडी-कडीने तुटत जाते.

१९२९ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला, त्यानंतर हेच झाले, पण फार मोठ्या प्रमाणावर. पुढील तीन-चार वर्षांत तिथल्या हजारो बँका बुडाल्या आणि १९३३ साली दर चार कामगारांमागे एक बेकार होता. शेतात धान्य होते, कारखान्यात यंत्रे शाबूत होती, काम करायला हात होते. नव्हता तो लोकांच्या खिशात पैसा. मालाचा तुटवडा नव्हता, गिऱ्हाइकाचा तुटवडा होता. केन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९३६ साली आपल्या ग्रंथात हेच सांगितले की, अशा वेळी काटकसर करून भागत नाही, सरकारने खर्च वाढवून मागणी उभी करावी लागते. रूझवेल्टच्या सरकारने त्याआधीच त्या वाटेने पावले टाकली होती : १९३३ साली बँकांतील ठेवींचा विमा, १९३५ साली युनियनचा हक्क मान्य करणारा कायदा आणि त्याच वर्षी बेकारी विमा.

कधी कधी ही मंदी जाणूनबुजूनही आणली जाते, हे ऐकून काहींना नवल वाटेल. १९७९ नंतर महागाई आटोक्यात येईना, तेव्हा अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने व्याजाचा दर चढवीत १९८१ साली वीस टक्क्यांच्या घरात नेला. महागाई उतरली, पण १९८२ च्या अखेरीस बेकारी १०.८ टक्क्यांवर गेली. औषध लागू पडले, पण त्याची किंमत बँकवाल्यांनी दिली नाही. पोलाद आणि मोटारीच्या कारखान्यांतील कामगारांनी दिली.

भारताची मंदी कशातून जन्मत आली?

आता आपल्याकडे वळू. वर सांगितलेल्या पाच वर्षांपैकी पहिल्या चारही वर्षांत पाऊस दगा देऊन गेला होता. अमेरिकेतील मंदीचे मूळ पेढीत, तर आपल्या मंदीचे मूळ आभाळात, असे ढोबळमानाने म्हणता येईल. पण पाऊस पडला नाही म्हणून कारखाना का थांबावा? ही पायरी नीट समजून घेतली पाहिजे.

१९६५-६६ चे उदाहरण घ्या. आदल्या वर्षी देशात ८.९ कोटी टन धान्य पिकले होते. या वर्षी ते ७.२ कोटी टनांवर आले. पुढच्या वर्षीही पाऊस नीट झाला नाही. धान्य महागले. सामान्य कुटुंबाची बहुतेक मिळकत पोटावर खर्च होत होती. ज्वारी-तांदूळ महाग झाल्यावर कापड, भांडी, सायकल यांसाठी हातात काही उरेना. म्हणजे गिरणीच्या मालाचे गिऱ्हाईक गेले. ही झाली पहिली पायरी.

दुसरी पायरी सरकारच्या तिजोरीची. परदेशातून, मुख्यतः अमेरिकेतून, गहू आणावा लागला. १९६५ साली पाकिस्तानशी युद्ध झाले होते आणि परदेशी मदत आखडली होती. जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले आणि एका डॉलरला ४ रुपये ७६ पैशांऐवजी साडेसात रुपये मोजावे लागू लागले. महागाईला भिऊन सरकारने नव्या बांधकामांवरचा व यंत्रांवरचा खर्च आवरला. चौथी पंचवार्षिक योजना लांबणीवर पडली. १९६६ ते १९६९ ही तीन वर्षे वार्षिक योजनांवर निभावली. आता रेल्वेचे डबे, यंत्रे, पोलादी सांगाडे यांचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक सरकारच होते. त्याने हात आखडल्याबरोबर एंजिनियरिंगच्या कारखान्यांत काम उरले नाही. पाऊस पडला नाही राजस्थानात आणि बिहारात, पण ले-ऑफ झाला तो रेल्वेचे डबे बनविणाऱ्याचा.

अमेरिकेत १९३३ साली धान्य होते आणि पैसा नव्हता. आपल्याकडे १९६६ साली धान्यच नव्हते. म्हणूनच 'सरकारने खर्च वाढवावा' हे केन्सचे औषध आपल्याकडे जसेच्या तसे चालत नसे. धान्य कमी असताना नोटा वाढविल्या, तर भाव आणखी भडकत. आपल्याला हवे होते ते पाणी, बियाणे, धान्याचे कोठार आणि रेशनचे दुकान. पुढे देशाने ते बऱ्याच अंशी उभे केले, म्हणून १९८७ सालचा भीषण दुष्काळ येऊनही राष्ट्रीय उत्पन्न घटले नाही.

१९७२ चा दुष्काळ महाराष्ट्राला विसरता येणार नाही. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे खडी फोडीत होती. त्याच वर्षाच्या अखेरीस अरब राष्ट्रांनी तेलाचा भाव चौपट केला. त्या तेलाने अमेरिकेतही १९७३ ते १९७५ ही मंदी आणली. आपल्याला १९७९-८० साली पुन्हा तोच जोडघाव बसला : दुष्काळ आणि इराणच्या क्रांतीनंतर महागलेले तेल. त्या वर्षी राष्ट्रीय उत्पन्न सुमारे पाच टक्क्यांनी घटले. १९९१ साली तर दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतेच परकीय चलन उरले आणि सोने गहाण टाकावे लागले. अमेरिकेला ही अडचण येत नाही. तेल ज्या डॉलरने विकत घ्यायचे, तो डॉलर तिच्याच घरी छापला जातो.

आणखी एक फरक आहे, तो बेकारीचा. अमेरिकेत काम गेले की माणूस बेकारी विम्याच्या कचेरीत नाव नोंदवितो, आणि मंदी महिन्याच्या आकड्यांत दिसते. आपल्याकडे काम गेले की माणूस गावी जातो. दोन माणसांच्या शेतात चार माणसे राबतात, एक भाकर चौघांत वाटली जाते. नोंदवहीत बेकार कोणी नाही. पण सगळेच अर्धपोटी. आपली मंदी दिसत नाही याचे हे एक कारण आहे.

सिमेंटच्या गोणीने केलेली मोजणी

२००८ सालची गोष्ट आपल्या धंद्याच्या मापाने मोजून पाहा. अमेरिकेत परतफेडीची ऐपत नसलेल्यांना घरांसाठी कर्जे दिली गेली, त्या कर्जांचे गठ्ठे बांधून ते जगभर विकले गेले; घरांच्या किमती उतरल्या आणि १५ सप्टेंबर २००८ रोजी लेहमन ब्रदर्स ही बडी पेढी बुडाली. बांधकामे थांबली. २००५ साली अमेरिकेत सुमारे १२.८ कोटी टन सिमेंट खपले होते. २००९ साली ते सात कोटी टनांच्या आसपास आले. म्हणजे जवळजवळ निम्मे.

त्याच काळात भारतात सिमेंटचे उत्पादन वाढतच होते! सुरतेत हिरे घासणाऱ्या हजारो कारागिरांची कामे गेली, कारण त्यांचे गिऱ्हाईक अमेरिकेत होते. सिमेंट कामगाराचे गिऱ्हाईक मात्र इथेच होते. सिमेंट जड असते, लवकर गोठते, त्यामुळे फार दूर जाऊन विकणे परवडत नाही. शिवाय रिझर्व्ह बँकेने आपला दर नऊ टक्क्यांवरून एप्रिल २००९ पर्यंत ४.७५ टक्क्यांवर आणला, सरकारने अबकारी कर कमी केला, आणि शेतकऱ्यांची कर्जमाफी व ग्रामीण रोजगाराचा पैसा खेड्यांत पोहोचला. तेव्हा एखाद्या सिमेंट कारखान्यात कोणी २००९ साली 'अमेरिकेत मंदी आहे, म्हणून तुमचा बोनस कमी' असे म्हणाले असेल, तर त्या वाक्याचा पहिला भाग खरा होता आणि दुसरा त्यातून निघत नव्हता.

पण यावरून आपण अमेरिकेच्या रोगापासून कायमचे सुरक्षित आहोत असे समजू नये. भारताची मंदी आता आपली जात बदलीत आहे. स्वातंत्र्याच्या वेळी राष्ट्रीय उत्पन्नात शेतीचा वाटा निम्म्याच्या आसपास होता. आज तो पाचव्या हिश्शाहूनही कमी आहे, जरी शेतीवर पोट भरणारे अजून चाळीस टक्क्यांहून अधिक आहेत. म्हणून आभाळ एकट्याने देशाला पूर्वीसारखे खाली ओढू शकत नाही. पेढी मात्र ओढू लागली आहे. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी चलनातील सुमारे ८६ टक्के किमतीच्या नोटा रद्द झाल्या. रोखीने चालणारी घरबांधणी अडली आणि त्या वर्षी देशाचे सिमेंट उत्पादन थोडे घटले. २०१८ च्या सप्टेंबरात पायाभूत कामांना पैसा पुरविणारी आयएल अँड एफएस ही मोठी वित्तसंस्था देणी चुकवू लागली. इतर वित्तसंस्थांनी हात आखडले, घरे व वाहने यांची विक्री थंडावली आणि २०१९-२० मध्ये देशाची वाढ चार टक्क्यांच्या आसपास आली. यात पावसाचा काही दोष नव्हता. ही अमेरिकी धाटणीची मंदी होती, आकाराने लहान एवढेच.

नंतर २०२० साल आले. साथीने दोन्ही देशांत एकाच वेळी टाळे लागले. भारतात एप्रिल ते जून या तिमाहीत राष्ट्रीय उत्पन्न सुमारे २४ टक्क्यांनी घटले. सिमेंटचे उत्पादन तर एप्रिल महिन्यात आदल्या वर्षीच्या मानाने सुमारे ८५ टक्के कमी झाले. अमेरिकेत त्याच एप्रिलात बेकारी १४ टक्क्यांच्या वर गेली. कारण एकच, पण वाटणी पाहा. अमेरिकेने बेकारी विम्यावर काही महिने आठवड्याला आणखी ६०० डॉलर दिले. आपल्याकडे माणशी महिना पाच किलो धान्य मोफत मिळाले, जनधन खाते असलेल्या स्त्रियांना तीन महिने पाचशे-पाचशे रुपये मिळाले, आणि शहरांतून पायी परतलेल्यांना रोजगार हमीने हात दिला. त्या वर्षी देशातील सुमारे साडेसात कोटी कुटुंबांनी त्या कामावर हजेरी लावली. कोठारात धान्य होते, म्हणून १९६६ ची पुनरावृत्ती झाली नाही. परंतु कारखान्यातल्या ठेकेदारी कामगाराला बेकारी विमा असा नव्हताच.

गडचांदुराला दोन्ही मंदी ठाऊक आहेत

आपले गाव दोन पायांवर उभे आहे. एक पाय कोरपना-राजुऱ्याच्या काळ्या जमिनीतील कापसात, दुसरा माणिकगडच्या डोंगराजवळच्या चुनखडीत. कापसाचा भाव पावसावर आणि परदेशच्या बाजारावर हलतो. मार्च २०११ मध्ये न्यूयॉर्कला कापूस पौंडाला दोन डॉलरच्या वर गेला आणि वर्ष संपण्याच्या आत निम्म्याहून खाली आला. १८६५ ची आठवण व्हावी असेच ते होते. सिमेंटचा उठाव कर्जावर आणि सरकारी बांधकामांवर हलतो. इथे कारखाने उभे राहिले तेही एका सरकारी निर्णयाच्या मागोमाग. सिमेंटवरचे भाव-नियंत्रण फेब्रुवारी १९८२ मध्ये अंशतः आणि मार्च १९८९ मध्ये पूर्णपणे उठले. त्या काळात आवारपूर आणि गडचांदूर येथील भट्ट्या पेटल्या.

म्हणून इथे दोन्ही पाय एकदम लटपटले तर गावाचे हाल होतात, आणि एक पाय शाबूत असला तर दुसऱ्याला आधार मिळतो. भाऊ पॅकिंग प्लांटवर आणि बाप शेतात, अशी घरे इथे पुष्कळ आहेत. अशा घराला विचारा, मंदी कशाला म्हणतात ते.

आता एक तिसरा प्रकार सांगतो, जो कोणत्याही देशाच्या मंदीत मोडत नाही. देशात सिमेंटचे कारखाने गरजेपेक्षा अधिक क्षमतेचे आहेत. सरासरीने साठ-सत्तर टक्के क्षमताच वापरली जाते. एका मालकाचे अनेक कारखाने असतात. एका ठिकाणचा माल कमी करून दुसऱ्या ठिकाणचा वाढविला, तर पहिल्या ठिकाणच्या कामगाराला ती मंदीच वाटते, पण देशात मंदी नसते. उत्पादन आवरून भाव धरून ठेवल्याच्या आरोपावरून स्पर्धा आयोगाने २०१२ साली अनेक सिमेंट कंपन्यांना मोठा दंडही ठोठावला होता. कंपन्यांनी आरोप नाकारले आणि प्रकरण अपिलात गेले. निकाल काही लागो, ओसर बाजारातून आली की आतून आली, हा प्रश्न विचारण्याचा हक्क आपल्याला आहे.

मग मागायचे काय?

रोगाप्रमाणे औषध, हे सूत्र धरले तर मागण्या आपोआप ठरतात. हंगामी ओसर असेल तर ती आधीच ठाऊक असते. तिच्यासाठी वर्षाच्या करारातच तरतूद हवी. उधारी आटल्यामुळे मंदी असेल तर घरबांधणी, रस्ते, पाटबंधारे यांवर सरकारने खर्च करावा, ही मागणी मालक आणि कामगार एकत्र करू शकतात. तिथे भांडणाचे कारण नाही. पाऊस आणि महागाई यांमुळे मंदी असेल तर रेशन आणि रोजगार हमी प्रथम. पगार वाढूनही बाजारात धान्य नसेल तर उपयोग काय? आणि आतल्या हिशेबाने केलेली कपात असेल, तर तिला मंदी हे नावच देऊ नये, आणि कामाची वाटणी सर्वांत करावी, काहींना घरी बसवू नये.

ठेकेदारी कामगाराचा प्रश्न या सगळ्यांच्या मुळाशी आहे. १९५३ साली कायद्यात दुरुस्ती होऊन ले-ऑफच्या काळात निम्मा पगार देण्याची तरतूद झाली. पण ती मस्टरवर नाव असलेल्या, वर्ष भरलेल्या कामगाराला. ठेकेदाराचा माणूस ले-ऑफ होत नाही. त्याचा गेटपास संपतो. मंदीचा पहिला घाव त्याच्यावर पडतो आणि तो कोणत्याही आकड्यात नोंदला जात नाही. १९७२ च्या दुष्काळातून महाराष्ट्राने रोजगार हमी काढली; वि. स. पागे यांनी ती कल्पना मांडली, १९७७ साली कायदा झाला, आणि तिच्या पैशासाठी १९७५ साली पगारदारांवर व्यवसाय कर बसविला गेला. आजही पगाराच्या पावतीवर ती कपात दिसते. म्हणजे शहरातल्या कामगाराच्या पगारातून खेड्यातल्या मजुराच्या कामाची सोय झाली. अमेरिकेने १९३३ च्या हालअपेष्टांतून बेकारी विमा काढला, महाराष्ट्राने १९७२ च्या हालअपेष्टांतून रोजगार हमी काढली. मंदी जशी होती, तशी सोय झाली. आता मंदीची जात बदलते आहे, तेव्हा गेटपास संपलेल्या माणसासाठी नवी सोय काढणे हे आपल्या पिढीचे काम आहे.

त्याची सुरुवात दिल्लीत नव्हे, इथेच करता येईल. प्रत्येक युनियनने एक वही घालावी. दर महिन्याला किती गोणी माल बाहेर गेला, गोणीचा भाव काय होता, कायम हजेरी किती आणि ठेकेदारी हजेरी किती, आणि कापसाचा भाव काय होता, एवढे पाच आकडे तीत लिहावेत. वाचनालयाने ती वही सर्वांना पाहायला ठेवावी. तीन-चार वर्षांची वही झाली की, 'मंदी आहे' असे कोणी म्हणाल्यावर आपण वही उघडून विचारू शकू : माल खरेच घटला काय? भाव घटला काय? गेल्या पावसाळ्यापेक्षा अधिक घटला काय? आणि माल दहा टक्क्यांनी घटला असेल तर ठेकेदारी हजेरी तीस टक्क्यांनी का घटली? या प्रश्नांची उत्तरे मिळाली, तर खऱ्या मंदीत कामगार आपला वाटा उचलायला मागे राहणार नाही.